ल्युकेमिया-संशोधनाची पाठराखण : परळ ते खारघर

परळचे टाटा रुग्णालय महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. त्याच्या शेजारी १९५२ साली सुरू झालेली आणि आज खारघरला नांदणारी संशोधनाची शाखा मात्र फारशी कुणाच्या कानावर नसते. या शाखेचे अमृतमहोत्सवी वर्ष जवळ आले असताना तिच्या कामातला एक धागा, ल्युकेमियाचा, इथे उलगडायचा आहे.

हाच धागा निवडण्याला कारण आहे. बहुतेक कर्करोगांत गाठ असते. ती हाताला लागते, चित्रात दिसते, शल्यविशारदाला कापून काढता येते. ल्युकेमियात कापून काढण्याजोगे काही नसते. अस्थिमज्जेत बिघडलेल्या पेशी रक्ताबरोबर सगळ्या शरीरात फिरत राहतात. म्हणून या आजारात निदान काय, उपचार काय आणि संशोधन काय, सारे सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळा, रक्तपेढी आणि वर्षानुवर्षे नीट राखलेल्या नोंदी यांच्या आधारावर चालते. ज्यांची नावे शोधनिबंधावर येत नाहीत अशा माणसांवर हे काम इतर कुठल्याही कर्करोगापेक्षा जास्त विसंबून आहे, असे मला मनापासून वाटते. हा इतिहास त्यांचाही आहे.

१९३१ ते १९४१ : पायाभरणी

१८ जून १९३१ रोजी लेडी मेहेरबाई टाटा वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने वारल्या. म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख असलेल्या भाभांची ही मुलगी. बालविवाहाविरुद्ध बोलणारी, स्त्रियांच्या संघटना बांधणारी. साडी नेसून टेनिस खेळणारी. घरात पैसा होता, युरोपातले नामांकित डॉक्टर हाताशी होते. पण या आजारावर त्या वेळी जगात कुठेच औषध नव्हते.

त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३२ मध्ये, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचे चार-पंचमांश ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी, मग ते जगात कुठेही चाललेले असो. उरलेला एक-पंचमांश भारतात रोगनिवारणासाठी होणाऱ्या वैज्ञानिक संशोधनाला. या वाटणीकडे जरा थांबून पाहावे. हिंदुस्थानातल्या एका उद्योगपतीने, देश पारतंत्र्यात असताना, परदेशांतल्या प्रयोगशाळांना नियमित मदत मिळेल अशी तजवीज केली. तीही ज्या रोगात बरे होण्याची आशा कुणी देत नव्हते अशा रोगासाठी. देणगीदार सहसा इमारत बांधतो, कारण ती दिसते. दोराबजींनी इथे अजून न लागलेल्या शोधाला पैसा दिला. पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला निघाले असता ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचेही निधन झाले.

मुंबईत कर्करोगाचे अद्ययावत रुग्णालय असावे ही त्यांची इच्छा विश्वस्तांनी तडीस नेली. आधी सर नवरोजी सकलातवाला आणि १९३८ नंतर जे. आर. डी. टाटा यांनी ते काम पुढे रेटले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते ८० खाटांचे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले.

१९४१ ते १९५१ : काचपट्टीवरचे निदान

रुग्णालयाबरोबरच प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. लंडनहून विकृतिशास्त्राची उच्च पदवी घेऊन आलेल्या खानोलकरांनी त्याआधी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले होते. रुग्णालयातली प्रयोगशाळा म्हणजे रक्त-लघवी तपासायची खोली, अशी त्या काळची समजूत. खानोलकरांनी तिथे संशोधनाची शिस्त आणली. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, प्रत्येक काचपट्टीची जपणूक, निदानाबरोबर रुग्णाचे गाव, जात, सवयी यांची नोंद. महायुद्ध चालू असताना, परदेशी रसायने आणि उपकरणे मिळणे दुरापास्त असताना ही घडी बसली.

त्या दशकात ल्युकेमियाचा रुग्ण आला तर रोगाचे नाव सांगता येई, त्याला रक्त देता येई. फार पुढे जाता येत नसे. दार किलकिले झाले ते बॉस्टनमध्ये. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन ल्युकेमिया झालेल्या काही मुलांचा रोग तात्पुरता का होईना, मागे हटवून दाखवला. हे औषध तयार झाले लेडर्ले प्रयोगशाळेत, भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली. सुब्बाराव रुग्णशय्येपाशी नव्हते. रसायनांच्या बाटल्यांमागे उभे राहून त्यांनी डॉक्टरच्या हातात साधन दिले, आणि त्याच वर्षी ते गेले. परळमधल्या पुढच्या कित्येक पिढ्यांनी जे काम केले, त्याची जातकुळी हीच.

१९५१ ते १९६१ : संशोधन केंद्राचा जन्म

१९५२ साली भारत सरकारने परळला रुग्णालयाच्या शेजारी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन केले. खानोलकर संचालक झाले. रुग्णालयात रुग्णाचे जे दिसते त्याचे कारण पेशीत शोधायचे, हा या केंद्राचा उद्देश.

या पहिल्या पिढीतले एक नाव मराठी वाचकाला विशेष जवळचे आहे : डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या समर्थांची ही मुलगी. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेला या जगप्रसिद्ध पेशी याच प्रयोगशाळेत पहिल्यांदा शरीराबाहेर अखंड वाढवल्या गेल्या होत्या. परत येऊन रणदिव्यांनी परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशात असे काम करणारी ती पहिली. त्यांच्या गटाने स्तनाचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग आणि ल्युकेमिया यांचा प्राण्यांवर अभ्यास केला.

प्राण्यांवर अभ्यास केला, हे तीन शब्द लिहायला सोपे. त्यामागे काय उभे असते ते सांगितले पाहिजे. प्रयोगाचे निष्कर्ष विश्वासाचे व्हावेत म्हणून उंदीर एकसारख्या आनुवंशिकतेचे लागतात आणि त्यासाठी सलग किमान वीस पिढ्या भावंडांचाच संकर करावा लागतो. एका जोडीची चूक झाली, एका पिंजऱ्यावरची चिठ्ठी बदलली, तर काही वर्षांचे काम वाया जाते. या केंद्राने स्वतःच्या नावाचा उंदरांचा वाण तयार केला, आयसीआरसी वाण. प्राणिगृहातल्या माणसांना दिवाळी नसते आणि रविवारही नसतो. पिंजरे साफ करणे, भुसा बदलणे, प्रत्येक पिल्लाच्या जन्माची नोंद करणे, मेलेल्या प्राण्याची तपासणी होईपर्यंत त्याला नीट राखणे, ही कामे त्यांनी रोज केली. कुठला उंदीर सुस्तावला आहे, कुणाची प्लीहा पोटात हाताला लागते आहे, हे आधी त्यांच्या नजरेला येते. शास्त्रज्ञाची नजर त्यानंतरची.

याच काळात डॉ. सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींच्या अंतरंगाचा अभ्यास सुरू केला आणि डॉ. एल. डी. संघवी यांनी आनुवंशिकता व लोकसंख्येच्या अंगाने रोगांकडे पाहायला सुरुवात केली. खानोलकर तेव्हा अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर काम करत होते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये काही वर्षांनी सर्वांत आधी वाढलेला दिसला तो ल्युकेमियाच. किरणोत्सर्ग, रक्तपेशी आणि आनुवंशिकता यांचा संबंध परळच्या या इमारतीत गांभीर्याने घेतला जात होता.

१९६१ ते १९७१ : अणुऊर्जा विभागाचे छत्र

रुग्णालय १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले होते. १९६२ साली ते आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाच्या प्रशासनाखाली आले. कर्करोगाच्या रुग्णालयाचा अणुऊर्जेशी काय संबंध, असे आजही लोक विचारतात. एक उत्तर किरणोपचारात आहे, दुसरे अणुऊर्जा विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा यांच्या दृष्टीत. वैद्यकशास्त्राचे भवितव्य मूलभूत विज्ञानाशी जोडलेले आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या घरातही या आजाराची आठवण होती. मेहेरबाई टाटा त्यांच्या सख्ख्या आत्या.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान माँ ब्लांवर कोसळले. त्याच वर्षी रुग्णालय आणि संशोधन केंद्र, जे आता कर्करोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले, यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल सेंटर अस्तित्वात आले. दोन संस्कृती एका छताखाली येताना मतमतांतरे होणारच. ती सगळ्यांनी मिळून निभावली. १९६६ ते १९७० या संक्रमणकाळात कमल रणदिवे यांनी संस्थेच्या प्रभारी संचालक म्हणून घडी विस्कटू दिली नाही. रुग्णालयाच्या बाजूने गोव्याच्या मातीतून आलेले डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचा या वर्षांतला वाटा सर्वमान्य आहे. रुग्णालयासमोरचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे.

प्रशासनाचे महत्त्व या दशकाने शिकवले. शास्त्रज्ञाला नेमणुकीची शाश्वती हवी, यंत्र मोडले तर दुरुस्तीची सोय हवी, परदेशातून मागवलेले रसायन बंदरात अडकले तर ते सोडवून आणणारा माणूस हवा. लेखा विभाग, खरेदी विभाग, भांडार, कार्यशाळा यांनी हे निमूटपणे केले. ज्या संस्थेत हे होत नाही तिथे बुद्धिमान माणसेही निकामी होतात.

दशकातली दुसरी मोठी गोष्ट शेजाऱ्याची आहे. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली अशी देशातली ही पहिली नोंदणी. कुठल्या वयात कुठला कर्करोग किती, ल्युकेमिया मुलांमध्ये किती, या प्रश्नांना त्यामुळे अंदाजाऐवजी आकड्यांनी उत्तर देता येऊ लागले. रुग्णालयारुग्णालयांत जाऊन केसपेपर चाळणाऱ्या, एकाच रुग्णाची दोनदा गणती होऊ नये म्हणून नाव-पत्ते ताडून पाहणाऱ्या कार्यकर्त्यांचे हे यश. १९८१ अखेरीस राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आकाराला आला, तेव्हा मुंबईची ही नोंदणी त्याच्या पहिल्या आधारस्तंभांपैकी एक होती.

१९७१ ते १९८१ : औषधांचे दशक

एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत जगभर रुळली आणि परळलाही औषधोपचाराने कर्करोगावर इलाज करणारी स्वतंत्र शाखा जोम धरू लागली. संशोधन संस्थेच्या प्रतिकारशास्त्र विभागात डॉ. सुधा गांगल आणि त्यांचे सहकारी दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती अभ्यासत होते. वॉर्डातून नमुना निघायचा आणि काही मिनिटांत प्रयोगशाळेत पोहोचायचा. दोन इमारतींमधले ते अंतर कमी होते म्हणूनच हे संशोधन शक्य झाले. पुढे संस्था शहराबाहेर गेली तेव्हा याच गोष्टीची सर्वाधिक काळजी अनेकांना वाटली.

१९८१ ते १९९१ : दोन घटना

मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली टाटा रुग्णालयात देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. रुग्ण होती तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेली एक लहान मुलगी, दाता तिचा भाऊ. लहानपणी पोलिओने पाय गेलेल्या आणि चाकाच्या खुर्चीतून वॉर्ड फिरणाऱ्या अडवाणींनी सिअ‍ॅटलला जाऊन हे तंत्र शिकून घेतले होते.

प्रत्यारोपणात रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी वा किरणांनी आधी नष्ट करतात. नवी मज्जा रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे शरीराजवळ संसर्गाशी लढायला काहीच नसते. त्या दिवसांत खोली पुसणारी बाई, जेवणाचे ताट आणणारा कर्मचारी, रात्रपाळीची परिचारिका, प्लेटलेट वेगळ्या करून देणारा रक्तपेढीतला तंत्रज्ञ, यांपैकी कुणाही एकाची कुचराई जिवावर बेतू शकते. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही, रक्तदाता वेळेवर यावाच लागतो. त्या मुलीच्या प्रत्यारोपणात वॉर्डातले सगळेच धडा गिरवत होते. देशातल्या प्रत्यारोपणाच्या सगळ्या कामाची सुरुवात या अनामिक मंडळींच्या दक्षतेतून झाली.

दुसरी घटना गाजावाजाशिवाय घडली. माझ्या मते तिचे महत्त्व पहिल्याहून मोठे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने परळचे टाटा रुग्णालय, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची एम्स या तीन ठिकाणी मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी एकच उपचारपद्धती ठरवण्यात आली. तिचे नाव एमसीपी-८४१. १९८४ पासून ती टप्प्याटप्प्याने राबवली गेली. तोवर प्रत्येक डॉक्टर आपापल्या अनुभवाने औषधे देई, त्यामुळे कुणाचे काय चुकले आणि कुणाचे काय साधले हे कळायला मार्ग नव्हता. आता तिन्ही ठिकाणी औषधे तीच, मात्रा तीच, नोंदीचे नमुने तेच. भारतीय मुलांमध्ये रोग अनेकदा वाढलेल्या अवस्थेत येतो, टी-पेशींच्या ल्युकेमियाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे आणि संसर्गाने उपचारादरम्यानच दगावणारी मुले बरीच आहेत, हे या एकसारख्या नोंदींतून स्पष्ट झाले. वीस वर्षांच्या अनुभवाचा आढावा २००५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. गावी परतलेल्या मुलाची खबर ज्या काळात पत्रानेच कळत असे, त्या काळात कागद जपून ठेवणाऱ्या नोंद विभागाशिवाय तो आढावा लिहिताच आला नसता.

१९९१ ते २००१ : जागेचा शोध

रुग्णालयाची पन्नाशी १९९१ मध्ये झाली. परळची जागा केव्हाच अपुरी पडू लागली होती. रेण्वीय जीवशास्त्राने वेग घेतला होता आणि नवी यंत्रे जुन्या खोल्यांत मावत नव्हती. महाराष्ट्र शासनाने नवी मुंबईत खारघरला ६० एकर जमीन दिली. डोंगराच्या पायथ्याशी, तेव्हा बरेचसे माळरान असलेल्या त्या जागेवर बांधकाम करणाऱ्या अभियंत्यांनी आणि रोज मुंबईहून ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी या दशकाचा भार वाहिला.

२००१ ते २०११ : खारघरचा डाव

२००२ साली कर्करोग संशोधन संस्था खारघरला हलली आणि ॲक्ट्रेक या नावाने काम करू लागली. पन्नास वर्षांचे गोठवलेले पेशीसंग्रह, उंदरांचे वाण, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, ग्रंथालय, सगळे खाडी ओलांडून आले. द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या पेशी एकदा वितळल्या की परत मिळत नाहीत. हे स्थलांतर पार पाडणाऱ्यांचा सत्कार कुठल्या समारंभात झाला नसेल. या पानावर तो व्हावा. प्रयोगशाळेपासून रुग्ण दूर राहील ही जी भीती होती, तिच्यावर उपाय म्हणून खारघरलाच संशोधनाशी जोडलेले रुग्णालय उभे राहिले आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विभागही कालांतराने तिकडे गेला.

२००५ साली होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाची घटक संस्था होऊन इथल्या संशोधक विद्यार्थ्यांना स्वतःचे विद्यापीठ मिळाले. २००७ पासून देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी सुरू झाली आणि २००९ मध्ये ती बंधनकारक झाली. चाचणी करायची तर आराखडा, नैतिक समितीची मान्यता, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली संमती, विमा, दुष्परिणामाची ठरल्या मुदतीत खबर, हे सगळे कागदोपत्री हवे. त्यासाठी केंद्रात चाचण्यांचे स्वतंत्र सचिवालय आहे, संख्याशास्त्रज्ञ आहेत, माहिती भरणारे आणि ती पुन्हा तपासणारे लोक आहेत. या कामाला कुणी बाबूगिरी म्हणते तेव्हा वाईट वाटते. मराठी, हिंदी, बंगालीत लिहिलेले ते संमतीपत्र एखाद्या आईला तीनदा वाचून दाखवणारी समन्वयक रुग्णाच्या हक्काची राखणदार असते.

मुलांच्या ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. बिहारमधून, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाने इतके दिवस मुंबईत राहायचे कुठे? दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, सेंट ज्यूडची निवासकेंद्रे यांनी या प्रश्नाचे ओझे उचलले. तरीही अनेक कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडून जात. २०१० साली रुग्णालयाच्या बालविभागाने इम्पॅक्ट हा उपक्रम सुरू केला. औषधांचा खर्च, राहणे, पोषण, मुलांचे शिक्षण, मनाला आधार आणि न आलेल्या रुग्णाला फोन करून बोलावणे, असे सगळे एकत्र. पाचातले एक मूल उपचार सोडत होते. काही वर्षांत ते प्रमाण अगदी थोड्यांवर आले. मूल वाचते हे तर खरेच. शिवाय अर्ध्यावर तुटलेल्या उपचारातून संशोधनाला काहीच शिकता येत नाही. समाजसेविकेचा एक फोन म्हणूनच संशोधनाचाही भाग आहे.

२०११ पासून आजपर्यंत

२०१२ साली अणुऊर्जा विभागाच्या साहाय्याने आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड हे देशातल्या कर्करोग केंद्रांचे जाळे विणले गेले. आज त्यात तीनशेहून अधिक संस्था आहेत. एमसीपी-८४१ च्या वेळी तीन केंद्रे होती. आता मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरच्या आयसिकल या चाचणीत मुंबईबरोबर कोलकाता, दिल्ली, वेल्लोर, चंडीगड इथली केंद्रे एकाच आराखड्याने काम करतात. प्रत्येक मुलाचा धोका किती हे आधी ठरवायचे आणि त्याप्रमाणे औषधांची तीव्रता कमी-जास्त करायची, हे तिचे सूत्र. त्यासाठी उपचारानंतर दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली आहे का, हे शोधावे लागते. फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रावर ही चाचणी करणारे इथले रक्तविकृतितज्ज्ञ आणि तंत्रज्ञ देशभरच्या प्रयोगशाळांतील लोकांना शिकवतात.

४ जून २०२१ रोजी खारघरच्या प्रत्यारोपण विभागात देशातला पहिला कार-टी पेशी उपचार झाला. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या, त्यांच्यात नवे जनुक घालून त्यांना बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखायला लावायची, त्या वाढवायच्या आणि रुग्णाला परत द्यायच्या. पेशी घडवल्या पवईला आयआयटी मुंबईत, दिल्या खारघरला. पहिल्या चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बायोफार्मा मोहिमेतून १९.१५ कोटी रुपये मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने या उपचाराला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो देशाला अर्पण केला. परदेशातल्या खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्शात तो मिळतो. पेशी सोडल्यानंतर येणारा तीव्र ताप आणि रक्तदाबातली घसरण वेळीच हेरणाऱ्या परिचारिका, पवई ते खारघर शीतपेटी घेऊन जाणारे लोक, प्रत्येक पिशवीवरचा क्रमांक दोनदा वाचणारे तंत्रज्ञ यांच्याशिवाय ही कामगिरी झाली नसती. या रुग्णांवर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवायचे असते. त्यांच्या तारखा लावणे, न आलेल्यांचा माग काढणे, रक्ताचे नमुने जपणे हे काम आजही चालू आहे.

११ मे २०२३ रोजी खारघरच्या आवारात स्त्रिया आणि मुलांसाठीच्या कर्करोग रुग्णालयाच्या इमारतीचे लोकार्पण झाले. परळच्या दोन इमारतींमध्ये असलेली जवळीक त्यामुळे या आवारात पुन्हा मिळते आहे : मुलांच्या खाटा, प्रत्यारोपणाच्या खोल्या, प्राणिगृह, पेशीसंग्रह आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळा एका हाकेच्या अंतरावर.